फ्लॅटमेट

फ्लॅट बुश
ऑकलंड, रविवार, २ नोव्हेंबर २०२५

सानिका,

वाक्यं लहान ठेवते आहे. तू मराठी वाचतेस, पण सावकाश. जोडाक्षरापाशी अडतेस. इंग्रजीत लिहिलं असतं तर दोन मिनिटांत वाचून बाजूला ठेवलं असतंस. तुला जरा वेळ लागावा, असं मला वाटतं.

बाबांनी सांगितलं. चौदा मार्च, शनिवार, डनेडिन. तुझं आणि हानाचं लग्न.

"मला बोलावलंय," ते म्हणाले. "तुला कळवायला सांगितलंय."

"कळवायला."

"हो. बोलावलं आहे असं सांगू नका, म्हणाली."

ते गॅरेजच्या दारात उभे होते. दर रविवारी ते तिथे गाडीत बसून तुझ्याशी बोलतात. गाडी बंद असते. मला हे माहीत आहे, हे त्यांना माहीत आहे. आम्ही त्यावर बोलत नाही.

दोन वर्षं होत आली. तू माझा फोन घेत नाहीस. तो तुझा अधिकार आहे. म्हणून पत्र लिहिते. पत्र न उघडता टाकून देता येतं, पण त्याआधी ते हातात घ्यावं लागतं.

मला चौदा मार्चला यायचं आहे. त्याआधी एक गोष्ट सांगायची आहे. माझी चूक एका शब्दात झाली, आणि तो शब्द मला यंदा कळला.

मी अजून लायब्ररीतच आहे. जूनमध्ये मला टीनएजर्सच्या कपाटाचं काम दिलं. दोन वर्षांत कुणी न नेलेलं पुस्तक काढून टाकायचं. तुला ती पुस्तकं माहीत आहेत. काळं मुखपृष्ठ. चंद्र. लांब झग्यातली मुलगी, पाठमोरी. मी पहिल्या दिवशी चाळीस काढून ट्रॉलीत टाकली. लोसा आली. ती आमच्याकडे मुलांचा विभाग बघते, सामोअन आहे, माझ्याहून वीस वर्षांनी लहान.

"वाचलीस?" तिने विचारलं.

"ही वाचायची असतात?"

"अनू, न वाचता काढलीस तर इथल्या शाळेतल्या पोरी मला खातील. घरी ने. लांडग्यांपासून सुरू कर. व्हॅम्पायर आता कुणी नेत नाही."

मी लांडगे घरी आणले. पहिल्या पुस्तकात एक मुलगी बंदराच्या गावी राहायला येते. तिथले मासेमार पौर्णिमेला लांडगे होतात. त्यांतला एक तिला धक्क्यावर बघतो आणि बघताक्षणी त्याला कळतं. "मेट," तो म्हणतो. मी पुढे वाचत गेले. मला वाटलं, न्यूझीलंडचं पुस्तक आहे.

इथे सगळेच मेट असतात. बसचा ड्रायव्हर मेट म्हणतो. कोपऱ्यावरच्या दुकानातला डेअरीवाला सुरतेचा आहे, तोही म्हणतो. मोटरवेवर आपल्या गाडीला ज्याने मागून ठोकलं, तो उतरून आधी सॉरी मेट म्हणाला होता.

पण पुढच्या तीस पानांत तो लांडगा बोट सोडतो, भावाशी लढतो, अन्न टाकतो. तेव्हा मी लोसाला विचारलं, की या पुस्तकांत मेट म्हणजे काय.

"तुझ्या घरात पोरगी वाढली ना?"

"वाढली."

"मग तिला विचार की."

"ती बिझी असते."

लोसाने माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं. मेट म्हणजे तो एकच. आयुष्यात एकदा. कळतो, निवडावा लागत नाही. लग्नाच्याही वरचं काहीतरी.

तेव्हा मला तो संक्रांतीचा दिवस आठवला. हळदीकुंकवाला बायका बसल्या होत्या. तू हानाला हाताला धरून पुढे आणलंस आणि म्हणालीस, "ही हाना. माझी मेट." मी म्हणाले, "फ्लॅटमेट." मंदाताईंना, सुलेखाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मला वाटलं, तू शब्द अर्धा टाकलास. मी पुरा केला. शिकवणाऱ्या माणसाची खोड.

त्याच संध्याकाळी तुम्ही दोघी विमानतळावर गेलात. विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. मग बाबांनी मला सांगितलं. तोपर्यंत मला खरंच कळलं नव्हतं.

मला शब्द कळला नव्हता. आता कळला आहे.

आई


फ्लॅट बुश
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

सानिका,

उत्तर आलं नाही. तीन आठवडे झाले. इथलं टपाल आठवड्यातून दोन-तीनदाच येतं, पण तीन आठवडे म्हणजे टपालाचा दोष नव्हे.

मी वाचते आहे. एकवीस झाली. लोसाने यादी करून दिली आहे. लांडगे, देवदूत, एक दीपगृहातलं भूत, समुद्रातून येणारी माणसं. एका पुस्तकात नायक तीनशे वर्षांचा आहे. तीनशे वर्षांत तो गिटार शिकला.

वाक्यं वाईट आहेत. प्रत्येकाचा जबडा आवळलेला असतो. डोळ्यांचा रंग प्रकरणागणिक बदलतो. एकदा श्वास रोखला की नायिका चार पानं तो सोडत नाही. हे मी पूर्वीही म्हणायचे. आता म्हणते आणि पान उलटते. माझी मान दुखते. बाबा म्हणाले, "प्रबंधाच्या वेळी एवढं वाचलं नव्हतंस." मी त्यांना गोष्ट सांगितली. त्यांनी लक्ष देऊन ऐकली आणि विचारलं, "मग अमावास्येला तो काय करतो?" हा प्रश्न कुठल्याही पुस्तकात कुणी विचारलेला नाही.

एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे. या पुस्तकांतल्या आया. त्या मेलेल्या असतात, नाहीतर नाइट शिफ्टला. घरी असल्याच तर त्यांना काही कळत नाही. मुलीच्या खोलीची खिडकी रोज उघडी राहते, चादरीवर पानं पडलेली असतात, आई विचारते, पास्ता खाणार का. मला आधी हा लेखिकांचा आळस वाटला. मग कळलं की सोय आहे. आईला कळलं तर गोष्ट तिसऱ्या प्रकरणात संपेल.

तू चौदा वर्षांची होतीस. माउंट वेलिंग्टनच्या मॉलमध्ये मी वाणसामान घ्यायचे आणि तू पुस्तकांच्या दुकानात खाली बसून वाचायचीस. दुकानातली बाई तुला ओळखायची. मग गाडीत वाचायचीस, बीचवर पोहून आल्यावर ओल्या टॉग्जमध्ये वाचायचीस. मी नियम केला. एक तुझं, एक माझं. मी तुला मराठी कथासंग्रह द्यायचे. तू शेवटची दोन पानं वाचून मला गोष्ट सांगायचीस. मला कळायचं. चालवून घ्यायचे.

एकदा मी विचारलं होतं, "भुताशी लग्न लावायचं तर पत्रिका कुठून आणायची?" बाबा हसले. तू हसली नाहीस. तू इंग्रजीत म्हणालीस, की या पुस्तकांत कुणाला काही सांगत बसावं लागत नाही. आपोआप कळतं.

मी म्हणाले, "आपोआप फक्त दूध उतू जातं."

मला वाटलं, छान उत्तर दिलं.

तेव्हा मी त्यांतलं एक पानही उघडलं नव्हतं. उघडलं असतं तर तो शब्द मला माहीत असता, आणि हळदीकुंकवाच्या दिवशी मी तो बदलला नसता. माझं म्हणणं एवढंच आहे. तू गर्लफ्रेंड म्हणाली असतीस तर वेगळं झालं असतं. अर्थात, त्याआधी एकदा तू फोनवर गर्लफ्रेंड म्हणाली होतीस आणि मी त्याचं "मैत्रीण" केलं होतं. ते भाषांतर चूक नाही. अपुरं आहे.

हानाला मी शिवणाच्या खोलीत गादी घातली, त्याचंही तू मनात धरलं असशील. पाहुण्यांना आपण वेगळी खोली देतो. ती खोली स्वयंपाकघराला लागून आहे आणि भिंत पातळ जिब बोर्डाची आहे. पलीकडे कुणी हळू बोललं तरी ऐकू येतं. मी तिला त्याबद्दल सॉरीही म्हणाले होते.

ती छान मुलगी आहे, असं मला तेव्हाही वाटलं. तिने न सांगता तीळ निवडून दिले. फिजिओथेरपिस्टचे हात आहेत, म्हणाली, बारीक कामाला बरे.

मला यायचं आहे.

आई


फ्लॅट बुश
रविवार, १४ डिसेंबर २०२५

सानिका,

तुझं कार्ड मिळालं. समोर डनेडिनचं रेल्वे स्टेशन. मागे तीन शब्द.

"तुला माहित होत."

दोन चुका आहेत. वाक्य बरोबर आहे.

कार्ड मंगळवारी आलं. मी ते चार दिवस फ्रिजवर लावून ठेवलं. बाबांनी वाचलं. काल ते म्हणाले, "उत्तर देणार आहेस का?" मी हो म्हणाले. "खरं?" त्यांनी विचारलं. उत्तर खरंच देणार आहेस का, की खरं उत्तर देणार आहेस, ते मला कळलं नाही. मी दोन्हीला हो म्हणाले.

मग ऐक.

त्या दिवशी सकाळी मी गुळाचा पाक करत होते. तू हानाच्या खोलीत होतीस. भिंतीपलीकडून तिचा आवाज आला. ती मराठी बोलत होती. तेच तेच पुन्हा म्हणत होती. तू दुरुस्त करत होतीस. "चहाला," तू म्हणायचीस. "छाहाला," ती म्हणायची. दोघी हसत होतात. पाक पुढे गेला. तो मी टाकून दिला आणि दुसरा केला.

ती उखाणा पाठ करत होती.

दोन ओळी होत्या. तू केलेल्या, हे उघड होतं. यमक तुझ्यासारखंच, ओढून आणलेलं. पहिली ओळ होती: "डनेडिनच्या थंडीत चहाला आलं लागतं जास्त." दुसरी ओळ मी ऐकली. ती मला पाठ आहे. इथे लिहीत नाही.

तेव्हाच मला सगळं कळलं. खरं तर त्याच्याही आधी कळलं होतं. पण त्यानंतर तरी न कळण्याची सोय राहिली नाही.

दुपारी बायका आल्या. तू म्हणालीस, "माझी मेट." मी म्हणाले, "फ्लॅटमेट." हे मी तुला लिहिलं. पुढचं लिहिलं नाही. मग नाव घ्यायची वेळ आली. मंदाताईंनी घेतलं, श्यामलाने घेतलं. सुलेखाने गेल्या वर्षीचाच उखाणा घेतला, त्यावर सगळ्या तिला हसल्या. मग मंदाताई हानाकडे वळून गमतीने म्हणाल्या, "आणि तू गं? तू कुणाचं नाव घेणार?" त्यांना वाटलं, तिला काय कळणार आहे.

हाना उभी राहिली. साडी तू नेसवली होतीस. निऱ्या सुटू नयेत म्हणून तिने एक हात पोटावर धरला होता. तिने पहिली ओळ म्हटली. "चहाला" बरोबर म्हणाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. गोरी, माओरी कुणीही दोन शब्द मराठी बोललं की आपण वाजवतो तशा.

ती दुसऱ्या ओळीसाठी थांबली. मी उठले. "बस, बस," म्हणाले. "फ्लॅटमेट आहे ती सानिकाची. कशाला छळता तिला?" आणि तिच्या हातात तिळगुळाची वाटी दिली.

पुण्याला कॉलेजात मी लोकसाहित्य शिकवत होते. दर वर्षी मी मुलींना वहीत लिहून द्यायचे: उखाणा ही कविता नव्हे, जाहीर कबुली आहे. पहिली ओळ काहीही असू शकते. नाव दुसऱ्या ओळीत असतं.

म्हणून मी पहिल्या ओळीनंतर थांबवलं.

तुझ्याकडे मी बघितलं नाही. हानाकडे बघितलं. तिला भाषा येत नाही, पण तिला कळलं. ती म्हणाली, "नो वरीज," आणि खाली बसली.

आता शब्दाबद्दल. तो मला जूनमध्ये कळला नाही. तू चौदा वर्षांची असताना, तू शाळेत गेलीस की मी तुझी पुस्तकं वाचायचे. सगळी. आधी तुझ्या वयाला बरी आहेत का ते बघायला. मग पुढे काय झालं ते बघायला. खुणेची चिठ्ठी होती त्याच पानात परत ठेवायचे. एक मालिका तू चौथ्या भागानंतर सोडलीस. पाचवा मी मॉलमध्ये उभ्याने वाचला. मेट म्हणजे काय ते मला तेव्हापासून माहीत आहे. त्या पोरींना आवडतं ते मला आवडत होतं, आणि मी तुला रोज जेवताना त्यावरून टोमणे मारत होते.

लोसाला विचारलं ते खरं आहे. उत्तर मला येत होतं. तिने सांगितलं म्हणजे ते मला आत्ता कळलं असं म्हणता येईल, म्हणून विचारलं. तुम्ही निघून गेल्यावर बाबांनी सांगितलं, तेही तसंच. ते सांगत असताना मी आश्चर्य वाटल्यासारखं केलं. त्यांनी ते मान्य केल्यासारखं केलं.

तू तो शब्द का वापरलास, हे मी दोन वर्षं स्वतःला विचारत होते. पार्टनर आहे, गर्लफ्रेंड आहे. तू सव्वीस वर्षांची, हॉस्पिटलात फार्मसिस्ट, आणि बायकांच्या घोळक्यात लांडग्यांचा शब्द. मला वाटतं, तुला वाटलं असावं की हा एक तरी आईला भाषांतरित करता येणार नाही.

मी का केलं? लोक काय म्हणतील, असं लिहिता येईल. ते पुरेसं नाही. त्या बायकांचं मत मी कधी विचारत नाही. माझ्या घरात, माझ्या बैठकीत, माझ्या भाषेत एक गोष्ट जाहीर होणार होती आणि तिच्यात मला कुणी विचारलं नव्हतं. एवढंच आहे. याहून बरं कारण सापडलं नाही.

त्या पुस्तकांतल्या आयांना मी नावं ठेवली. त्यांना कळत नाही. मला कळलं होतं.

चौदा मार्चबद्दल या पत्रात काही लिहीत नाही.

आई


फ्लॅट बुश
सोमवार, २६ जानेवारी २०२६

सानिका,

आज ऑकलंड अॅनिव्हर्सरीची सुट्टी. बाबा लॉन कापत आहेत.

नाताळानंतर तुझा निरोप त्यांनी सांगितला. शब्द बदलू नका, असं मी म्हणाले, म्हणून त्यांनी तो एन्व्हलपच्या मागे लिहून आणला होता. "आईला सांगा, मला पत्रात सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं. ती जे बोलली ते बायकांना बोलली."

हे बरोबर आहे. त्यावर मला काही म्हणायचं नव्हतं. करायचं होतं.

परवा, शनिवारी, हळदीकुंकू केलं. गेल्या वर्षी केलं नव्हतं. अकरा बायका आल्या. दारात चपला-जँडल्सचा ढीग. मंदाताई गुडघ्यांमुळे खुर्चीवर, बाकीच्या खाली. श्यामला, सुलेखा, आणि सिद्धी म्हणून एक नवीन मुलगी, नुकतं लग्न होऊन मुंबईहून आलेली, तिच्या नवऱ्याची बँकेत नोकरी आहे.

वाण काय द्यायचं ते मी बरेच दिवस ठरवत होते. शेवटी लायब्ररीतून काढलेली ती पुस्तकं दिली. लोसाला विचारून. ती म्हणाली, "टाकण्यापेक्षा बरं. स्वीट अॅज, खुशाल ने." मी ती तपकिरी कागदात बांधली, वर हळदकुंकवाची बोटं लावली.

मंदाताईंनी कागद तिथेच फाडला.

"अगं अनुराधा, हा उघडा बाप्या कोण?"

"लांडगा आहे तो, मंदाताई."

"लांडगा? याला एक केस नाही अंगावर."

"पौर्णिमेला येतात."

"वाणात देतेस हे?" श्यामला म्हणाली. "मी कुठे ठेवू? माझा मुलगा बारावीत आहे."

"त्याला आधीच माहीत असेल," सिद्धी म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलली. सगळ्या हसल्या.

सुलेखा मागचं पान मोठ्याने वाचत होती. तिला प्रत्येक बाटलीवरचं लेबल मोठ्याने वाचायची सवय आहे, दुकानातही वाचते. वाचता वाचता ती थांबली. "इथे लिहिलंय, ती त्याची मेट होती. मेट म्हणजे? दोस्त ना?"

मी ठरवलं होतं की नाव घ्यायच्या आधी उभं राहून सांगायचं. दोन वाक्यं तयार केली होती. ती बाजूला राहिली.

"दोस्त नाही," मी म्हणाले. "जोडीदार. जन्माचा. दोन वर्षांपूर्वी सानिकाने हानाला इथे आणलं होतं, तुम्हाला आठवत असेल. ती म्हणाली होती, माझी मेट. मी तुम्हाला फ्लॅटमेट सांगितलं. मला माहीत होतं. मी खोटं बोलले. मार्चमध्ये त्या दोघींचं लग्न आहे."

सिद्धीने हातातलं पुस्तक मिटलं.

मंदाताई म्हणाल्या, "दोघींचं, म्हणजे एकमेकींशी?"

"हो. एकमेकींशी."

"आणि मी सानिकाला माझ्या भाच्याचा फोटो पाठवत राहिले. तीनदा पाठवला. तिसऱ्यांदा तर घोड्यावरचा."

"मला माहीत नव्हतं."

"तिने छान आहे म्हणून लिहिलं. घोडा छान आहे." त्यांनी फाडलेल्या कागदाची घडी केली. "एवढं होतं तर मला सांगायचंस ना. मी काय वाघ आहे?"

"तुम्हाला सांगायला मी घाबरले नव्हते, मंदाताई. मला सांगायचं नव्हतं."

श्यामलाचा फोन वाजला नव्हता, तरी ती तो कानाला लावून बाहेर गेली. मग तिची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. पुस्तक तिने पाटावर ठेवलं होतं. दुसऱ्या एक बाई, तू त्यांना ओळखत नाहीस, म्हणाल्या की आजकाल हे सगळीकडेच आहे. त्यांच्या बोलण्यात सांत्वनाचा सूर होता. मी म्हणाले, "वाईट बातमी नाही ही." त्या म्हणाल्या, "नाही, नाही, तसं नाही." आणि तिळगूळ खाल्ला.

सुलेखाने विचारलं, "तुम्ही कधी निघणार? विमानं आत्ताच बघा, त्या वेळी विद्यापीठ सुरू होतं, मिळत नाहीत."

"सानिकाचे बाबा जाणार आहेत. मला बोलावलेलं नाही."

"का?"

"मी आत्ता जे सांगितलं, त्यामुळे."

मंदाताईंनी मान हलवली. "बरोबर आहे तिचं," त्या म्हणाल्या. त्या दिवशीचं हेच वाक्य माझ्या मनात राहिलं आहे. मग त्या म्हणाल्या, "ती पोरगी काहीतरी म्हणत होती. चहा, आलं. मला वाटलं, किती गोड बोलते. तू मध्येच तोडलंस."

"हो."

"पुढे काय होतं?"

"ते तिचं आहे. तिलाच विचारा."

"विचारते," त्या म्हणाल्या. तुझा नंबर त्यांच्याकडे आहेच. त्या फोन करतील. घ्यायचा की नाही ते तू बघ. भाच्याचं लग्न ठरलेलं आहे, त्यामुळे तेवढी भीती नाही.

त्यानंतर नाव कुणी घेतलं नाही. सिद्धी घेणार होती, तिचं पहिलं वर्ष आहे, तयारी करून आली होती. मी आग्रह केला. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी घेते, काकू." जाताना तिने श्यामलाचं राहिलेलं पुस्तकही मागून नेलं.

बायका गेल्यावर बाबा घरात आले. त्यांनी विचारलं, "मध्येच किती उठून गेल्या?"

"एक."

"मग ठीक आहे," ते म्हणाले आणि भांडी घासायला लागले.

मी केलं ते केलं. याच्या बदल्यात मी काही मागत नाही. तसं लिहिलं की मागितल्यासारखंच होतं, हे मला कळतं. म्हणून सरळ लिहिते. मला अजूनही यायचं आहे.

लायब्ररीत शनिवारची रजा तीन आठवडे आधी टाकावी लागते. एकवीस फेब्रुवारी ही शेवटची तारीख. लोसाने फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला आहे. मी तो भरलेला नाही. तुझ्याकडून कळल्याशिवाय भरणार नाही.

नाही कळलं, तर चौदा मार्चला मी दहा ते चार काउंटरवर असेन. बाबा एकटे येतील. त्यांना करड्या सुटावर निळा शर्ट घालायचा आहे. पांढरा बरा दिसेल, असं मी म्हणाले होते. निळाच इस्त्री करून देईन.

आई